उपासाचं दळण

आमच्या घरी गेली दोन वर्षं रोज एकादशी आहे. निदान गिरणीवाल्या काकांची तशी समजूत आहे आणि ती मीच करून दिलेली आहे.

खरं कारण असं, की सात वर्षांच्या आमच्या लेकीला सिलिअॅक आहे. गहू, जव आणि राय या धान्यांतलं ग्लूटेन पोटात गेलं की तिचं शरीर स्वतःच्याच आतड्यावर उलटतं. आतड्याच्या आतली लव झडून सपाट होते आणि खाल्लेलं अंगी लागत नाही. यावर औषध नाही. गहू बंद, तोही जन्मभर. निदान होण्याआधी दोन वर्षं तिला जंत झाले होते, दृष्ट लागली होती आणि ‘आमच्या घराण्यात सगळेच बारीक’ होतं. मीठ-मोहऱ्या ओवाळून झाल्या. लोहाची औषधं पाजूनही हिमोग्लोबिन जागचं हलेना, तेव्हा एका डॉक्टरांनी टीटीजी नावाची रक्ततपासणी लिहून दिली, मग दुर्बीण झाली. (कुणाला आपल्या पोराबद्दल शंका आली असेल तर आत्ताच सांगून ठेवते, तपासणी होईपर्यंत गहू बंद करू नका. आधीच बंद केलात तर रक्तात काही सापडत नाही आणि पुढची पाच वर्षं तुम्ही दृष्टच काढत बसता.)

पथ्य ऐकून मला हसूच आलं होतं. एवढंच ना? ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ यांतल्या एकातही ग्लूटेन नाही. पोळी गेली तर भाकरी आहे. मराठी घराला हे शिकवायला डॉक्टर कशाला हवा?

सहा महिन्यांनी टीटीजीचा आकडा होता तिथेच. डॉक्टरांनी एकच प्रश्न विचारला, “पीठ कुठे दळता?”

गिरणी तुम्ही पाहिलेली आहे, पण गव्हाला घाबरून एकदा पाहा. भिंती पांढऱ्या, वजनकाटा पांढरा, काकांच्या पापण्या पांढऱ्या. आधीच्या बाईंचं गव्हाचं दळण संपतं, त्याचं मूठ-दोन मूठ पीठ चक्कीत राहतं आणि आपल्या ज्वारीबरोबर डब्यात येतं. मी काकांना म्हटलं, “मुलीला गहू चालत नाही, चक्की जरा झाडून घ्याल का?” काका म्हणाले, “अहो ताई, मूठभरानं काय होतंय? उलट ताकद येईल पोरीला.”

तेवढ्यात मागच्या काकू पुढे झाल्या. “उद्या एकादशी आहे, राजगिरा आणि वरी दळायची आहे.” काका ताडकन उठले. ब्रश आला, चक्की झाडली गेली, तोंडाची कापडी पिशवी बदलली गेली. पहिली ओंजळ तर त्यांनी बाजूला काढून ठेवली. “उपासाला गव्हाचा कण लागायला नको,” असं वर मलाच समजावलं.

पुढच्या आठवड्यात मी डबा ठेवला आणि म्हटलं, “काका, उपासाचं आहे.”

“ज्वारी? उपासाला?”

“आमच्यात चालते.”

‘आमच्यात चालते’ या दोन शब्दांपुढे महाराष्ट्रात कुणाचं काही चालत नाही. काकांनी ब्रश उचलला.

तुम्हाला वाटेल की मी काकांची खोडी काढते आहे. नाही. प्रदूषण म्हणजे काय, हे आपल्याकडे एखाद्या प्रयोगशाळेपेक्षा चांगलं कळतं. अन्नसुरक्षा पाहणाऱ्या एफएसएसएआयचा नियम सांगतो, की किलोमागे २० मिलिग्रॅमहून जास्त ग्लूटेन असेल तर डब्यावर ‘ग्लूटेन-फ्री’ लिहायचं नाही. २० मिलिग्रॅम ग्लूटेन चिमटीभर कणकेतही असतं. माझ्या आजीला हा नियम कुणी समजावून सांगायची गरज पडली नसती. तिच्या सोवळ्यात पळी वेगळी, ओला हात लागला तर स्वयंपाक पुन्हा, शिवलेलं ते शिवलेलंच. (त्या सोवळ्यानं या महाराष्ट्रात माणसांचे काय हाल केले ते विसरून हे लिहीत नाही.) देवासाठी जे अख्खं घर बिनतक्रार पाळतं, ते एका लहान आतड्यासाठी पाळायचं म्हटलं की “फार बाऊ करता बाई तुम्ही.” आमच्या लेकीचं पोळपाट-लाटणं नवीन आहे, चाळणी नवीन आहे, कारण लाकडात आणि जाळीत अडकलेली कणीक घासून जात नाही. तिच्या चमच्याला लाल दोरा बांधलेला आहे. एका पाहुण्यांनी विचारलं, “हे बांधून आणलंय का?” मी हो म्हटलं. तेव्हापासून त्या चमच्याला कुणी हात लावत नाही.

प्रसादाचं मात्र जमलेलं नाही. सत्यनारायणाचा शिरा रव्याचा, म्हणजे गव्हाचाच. “प्रसादात कसलं आलंय ग्लूटेन?” असं विचारत द्रोण थेट तिच्या तोंडाशी येतो. उकडीच्या मोदकाचा देव आमच्या बाजूचा आहे. तळणीचे मोदक आले की तोही दुसऱ्या पक्षात जातो.

खरेदीला जाताना मी फोनचं भिंग चालू करून जाते. गव्हाचं नाव वेष्टणावर देणं कायद्यानं बंधनकारक आहे, ते मुंगीच्या पायांनी दिलेलं असतं, इतकंच. पहिला धक्का हिंगानं दिला. बांधानी हिंगाच्या आमच्या डबीवर हिंगाच्या आधी गव्हाच्या पिठाचं नाव होतं. म्हणजे गहू बंद करून सहा महिने मी तिला फोडणीतून गहूच देत होते. आता खडा हिंग आणते आणि घरीच कुटते. सोया सॉसमध्ये गहू निघाला. मक्याच्या पोह्यांत, तेच ते कॉर्नफ्लेक्स, माल्ट निघालं. माल्ट म्हणजे जवच, आणि दुधात घालायच्या ‘ताकदीच्या’ पावडरीही त्याच माल्टच्या. भाजणीत गहू. ओट्स मूळचे निरपराध, पण गव्हाच्या संगतीत वाढलेले. सुट्या फरसाणाला तर वेष्टणच नसतं, तिथे दुकानदाराच्या शब्दावर विश्वास ठेवायचा आणि तो शब्द म्हणजे “खा हो, काही होत नाही.”

मॉलमध्ये आमच्यासाठी खास रॅक आहे. तिथे वजन उतरवणारे आणि मी असे दोनच वर्ग भेटतात. अर्धा किलो पीठ, अडीचशे रुपये. मागे वाचलं तर तांदळाचं पीठ, बटाट्याचा स्टार्च आणि टॅपिओका. टॅपिओका हे आपल्या साबुदाण्याचं पासपोर्टवरचं नाव. तिथून निघाले आणि वाण्याकडे ‘उपासाचे पदार्थ’ या पाटीखाली उभी राहिले. साबुदाणा, वरी, राजगिरा, शिंगाड्याचं पीठ. तीच रॅक, पाव किमतीत, वर पुण्य.

केकची गोष्ट वेगळी. तिथे पुण्य कामाला येत नाही. पथ्यातल्या पहिल्या वाढदिवसाला मी मैद्याच्या जागी तांदळाचं पीठ घातलं. दिसायला झकास झाला. सुरी लावली आणि वाळूचा किल्ला ढासळावा तसा ताटलीत बसला. मैद्यातलं ग्लूटेन म्हणजे ताणलं जाणारं जाळं, ते हवेचे बुडबुडे धरून ठेवतं. तांदळाकडे जाळं नाही. तेव्हा सासूबाई म्हणाल्या, “पिठाची विरी गेली की काय करतेस?” जुनं झालेलं भाकरीचं पीठ थापताना मोडतं, मग आपण त्यात उकळतं पाणी घालतो; स्टार्च चिकट होतो आणि भाकरी जुळते. धागा तिथे मिळाला. जाळं नसेल तर चिकटपणा आणायचा. तो सापडला मामंजींच्या कपाटात, इसबगोलच्या डब्यात. दोन चमचे पाण्यात भिजवलं की खळ होते. ती ज्वारी-तांदळाच्या पिठात, जोडीला अंडी, आणि मिश्रण अर्धा तास झाकून ठेवायचं म्हणजे पीठ पाणी पितं. भांड्याला मैदा भुरभुरवायची सवय हातातून जाईपर्यंत दोन केक फुकट गेले. तिसरा उभा राहिला. मामंजींना अजून कळलेलं नाही, की त्यांचा डबा महिनाअखेरीला का संपतो.

हा आजार गव्हाचा आहे हे कळायलाच जगाला उशीर झाला. १९२४ साली न्यूयॉर्कच्या डॉ. हास यांनी अशा मुलांना केळी खाऊ घातली. मुलं सुधारली, श्रेय केळ्यांना गेलं. पाव ताटातून गेला होता, तिकडे कुणी पाहिलं नाही. नेदरलँड्समधले बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांचा संशय गव्हावर आधीपासून होता. १९४४-४५च्या हिवाळ्यात तिथे दुष्काळ पडला, पाव मिळेना, आणि बाकीचे लोक खंगत असताना ही मुलं बरी राहिली. पाव परत आला, मुलं परत आजारी पडली. १९५० साली डिके यांनी यावर प्रबंध लिहिला. गहू ओळखायला उपासमार लागली.

आमचा टीटीजीचा आकडा यंदा उतरला. दिवाळीत घरघंटी घेतली, त्यामुळे काकांकडे जाणं सुटलं. परवा ते भाजीबाजारात भेटले. “ताई, उपास सुटले का?” मी म्हटलं, “नाही हो, कडक केलेत.”

येत्या रविवारी तिचा आठवा वाढदिवस आहे. केक एकच आहे, सगळ्यांना तोच. जरूर या. येताना खारी, बिस्किटं, पेस्ट्री आणू नका, आणि “एक घास खाऊ दे तिला” असंही म्हणू नका. रिकाम्या हातांनी यायचं जिवावर येत असेल तर केळी आणा.