दीडशे सीसीच्या अभियंत्यांना एका गुडघ्याचे विनंतीपत्र

प्रति,
दीडशे-एकशेसाठ सीसीच्या स्कूटरी आखणारी समस्त अभियंता व जाहिरात मंडळी,
मुक्काम : जिथे ऑफिसातल्या सगळ्यांचे गुडघे शाबूत असतील तिथे.

विषय : साठी ओलांडलेल्या इसमास स्कूटरवर बसू देण्याबाबत.
संदर्भ : अर्जदाराचा उजवा गुडघा.

महोदय,

नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधल्या एका सरकारी कचेरीत आयुष्यभर टिपणी लिहीत आलो, त्यामुळे विषय आणि संदर्भ टाकल्याशिवाय मला पत्र सुरू करता येत नाही. चालवून घ्यावं. निवृत्त झालो, फंडाचे पैसे हाती आले आणि घरात माझ्या गैरहजेरीत ठराव मंजूर झाला की बाबांनी आता जुनी एकशेदहाची गाडी काढून टाकावी आणि जरा आरामाची घ्यावी. कार नको, कारण गोकुळपेठेच्या बाजारात कार नेणारा माणूस भाजी घेत नाही, जागा शोधतो. मोटारसायकल नको, कारण टांग टाकायचे दिवस गेले. राहिली मधली स्कूटर, म्हणजे तुमची.

तुमचं पत्रक वाचून माझी कंबर आपोआप सरळ झाली. यामाहाची एरॉक्स 155 घ्या, हीरोची झूम 160 घ्या : चौदा इंची चाकं, एबीएस, ऐसपैस सीट. शोरूममध्ये प्रत्यक्ष दर्शन घेतलं तेव्हा मात्र फूटबोर्ड जिथे असायचा तिथे मधोमध एक उंच बांध दिसला. त्या बांधात तुम्ही पेट्रोलची टाकी बसवली आहे. गाडीवर बसायचं तर पाय उचलायचा, बांध ओलांडायचा आणि पलीकडे उतरवायचा. यालाच आम्ही टांग म्हणत होतो. ती टाळायला माणूस स्कूटर घेतो आणि तुम्ही ती जास्तीचे पैसे घेऊन परत दिलीत, याबद्दल आभार मानावे तेवढे थोडे.

तुमच्या धंद्याचा मूळपुरुष कोर्रादिनो द'आस्कानिओ हा इटालियन इंजिनिअर. विमानं आणि हेलिकॉप्टर हा त्याचा प्रांत, मोटारसायकल त्याला मुळीच आवडत नसे. टांग टाकावी लागते, चेनच्या तेलानं कपडे खराब होतात आणि पंक्चर काढणं जिवावर येतं, ही त्याची तक्रार. म्हणून पियाज्जिओ कंपनीसाठी त्यानं 1946 साली व्हेस्पा आखली, आणि सीट व हँडल यांच्यामधली जागा मोकळी सोडली. खुर्चीवर बसावं तसं माणसानं बसावं, इतकाच हेतू. ऐंशी वर्षांपूर्वी त्या भल्या गृहस्थानं मोकळी केलेली वाट तुम्ही बुजवलीत आणि त्या बुजवण्याला ‘स्पोर्टी’ म्हणता.

फाइलीवर दुसऱ्या पक्षाचं म्हणणंही नोंदवायचं असतं, म्हणून नोंदवतो. टाकी मधे आली की गाडीचा तोल सुधारतो, सांगाडा ताठ राहतो, डिक्कीला जागा मिळते. मान्य. पण टीव्हीएसनं 2021 मध्ये ज्युपिटर 125 काढली, तिची टाकी सपाट फूटबोर्डाखाली गेली, पेट्रोल भरायचं झाकण समोर आलं आणि डिक्की 33 लिटरची झाली. पंपावर खाली उतरून सीट उघडायची कटकटही संपली. तेव्हा विज्ञानावर ढकलू नका.

आता तुम्ही विचाराल, मग काकाजी, ज्युपिटर नाहीतर ॲक्सेस घेऊन गप्प का बसत नाही? त्याला कारण सरकार. एप्रिल 2019 पासून नियम असा की सव्वाशे सीसीच्या वरच्या दुचाकीला एबीएस, म्हणजे ब्रेक आवळला तरी चाक जाम होऊ न देणारी सोय, सक्तीचं. सव्वाशे आणि खालच्या गाडीला नुसतं सीबीएस चालतं, म्हणजे एक ब्रेक दाबला की दोन्ही चाकांना थोडाथोडा लागतो. समोर गाय आली की पंचविशीतला मुलगा वेळेवर ब्रेक सोडून पुन्हा दाबतो. माझा हात घाबरून ब्रेक आवळतो तो आवळतोच, आणि सीताबर्डीत पहिल्या पावसात चाक जाम झालं की पुढचं सगळं रामदासपेठेतल्या अस्थिरोगतज्ज्ञांच्या हाती. म्हणजे एबीएसची खरी गरज मला, ते मिळतं दीडशेत, आणि दीडशेत बहुतेक ठिकाणी तुम्ही बांध घालून ठेवलेला. ब्रेक हवा असेल तर टांग टाका, टांग नको असेल तर नशिबावर सोडा. अशी कोंडी आमच्या कचेरीतल्या मुरलेल्या बाबूलाही सुचली नसती.

सीटच्या उंचीबद्दल थोडं सविस्तर लिहावं लागेल. ॲक्टिव्हाची सीट जमिनीपासून 764 मिलिमीटर, ॲक्सेसची 773, बर्गमन स्ट्रीटची 780 आणि एरॉक्सची 790. तुमच्या लेखी फरक इंचभराचा. साठीनंतर या इंचाला वेगळा हिशेब लागतो, कारण सिग्नलला तळवे पूर्ण टेकले तर तोल पायावर राहतो आणि नुसती बोटं टेकली तर पोटरीवर येतो. त्यात आरामासाठी म्हणून सीट रुंद केली की मांड्या फाकतात आणि पाय आणखी वर जातो, म्हणजे पत्रकात 790 लिहिलेली सीट माझ्या पायाला आठशेच्या पुढची लागते. पत्रकात उंची असते, रुंदी नसते. शोरूममधला पोरगा म्हणाला, “काकाजी, टेस्ट राईड तर घ्या न जी! पिकअप पाहा, उडून राहिली नुसती!” त्याला म्हटलं, बाबू, उडायची सोय यमराजांनी करून ठेवली आहे, मला टेकायची पाहिजे.

वजनाचंही तेच. ॲक्टिव्हा 106 किलोच्या आसपास, एरॉक्स 126, झूम 160 तर 142 पर्यंत जाते. धावताना हे वजन आवडतं, गाडी जमीन धरून राहते. प्रश्न तिला ढकलण्याचा आहे. आमच्या गल्लीत सिमेंटचा रस्ता झाला, तो घराच्या फाटकापेक्षा वीतभर उंच. रोज सकाळी गाडी उलटी ओढत त्या चढावर न्यायची. बाजारात दोन्ही बाजूंनी गाड्या खेटलेल्या असताना तीच उलटी काढायची. मेन स्टँडवर लावायची. हे पराक्रम गाडी बंद असताना होतात, म्हणून तुमच्या सीसी आणि बीएचपीच्या तक्त्यात त्यांना रकाना नाही. विजेवरच्या स्कूटरींनी ही गोष्ट ओळखली आहे : नव्या चेतकमध्ये आणि आयक्यूबमध्ये गाडी स्वतःच्या ताकदीनं मागे जाते. सगळ्या शोरूम फिरून मला भावलेली सोय हीच. पेट्रोलवाल्यांनी ती आणावी असं मी म्हणत नाही, पण वीस किलो उतरवता आलं तर बघा.

मोठ्या चाकांचं मी मनापासून कौतुक करतो, यात उपरोध नाही. दहा इंची चाक खड्ड्यात बरंचसं उतरतं, चौदा इंची त्याच्यावरून बऱ्यापैकी निघून जातं. शिवाय स्कूटरचं इंजिन मागच्या चाकाला जोडलेलं असतं आणि चाकाबरोबर वरखाली होतं, म्हणून मागचा धक्का मणक्याला लागतोच. निदान चाक मोठं असलं तर तो थोडा बोथट होऊन येतो. नागपुरात याची किंमत कळते. आमच्या वर्धा रोडवर खाली रस्ता, त्यावर उड्डाणपूल आणि त्याच्याही वर मेट्रो आहे, गिनीजमध्ये नोंद झालेला 3.14 किलोमीटरचा तो प्रकार पाहायला पाहुणे येतात. पण मी राहतो तळमजल्याच्या वाहतुकीत, जिथे गतिरोधक असतात. इंडियन रोड्स काँग्रेसच्या हिशेबानं गतिरोधक 3.7 मीटर रुंद आणि 10 सेंटीमीटर उंच, गोलसर असावा, म्हणजे ताशी पंचवीसच्या वेगानं त्यावरून अलगद जाता येतं. आमच्या वस्तीतल्यांनी 10 सेंटीमीटर तेवढं लक्षात ठेवलं आणि 3.7 मीटरचं सिमेंट वाचवलं.

आणि मागे बसणारीचं काय? तुमच्या मोठ्या स्कूटरींची सीट दोन पायऱ्यांची, मागची वर आणि उतरती. आमच्या सौ. पातळ नेसून एका बाजूला बसतात, चाळीस वर्षं बसत आल्या आहेत. त्यांनी गाडीला एक चक्कर मारली आणि विचारलं, “अहो, यावर चढू कशी? आणि भाजीची पिशवी कुठं लटकवायची?” मधे बांध असल्यावर पायाशी पिशवीला जागा कुठली? शोरूममधल्या पोरानं डिक्की उघडून दाखवली. मेच्या दुपारी पारा पंचेचाळिसावर असताना बंद डिक्कीत पालकाची जुडी घरी पोचेपर्यंत तिची भाजी झालेली असते, नुसती फोडणी द्यायची राहते. तुमच्या काळ्या सीटबद्दल उन्हाळ्यात मी वेगळं पत्र लिहीन.

सरकार तुमच्यापेक्षा बरं, निदान विचारपूस करतं. पंचावन्ननंतर लायसन्सचं नूतनीकरण दर पाच वर्षांनी आणि सोबत डॉक्टरचा फॉर्म 1-ए. डोळे ठीक, हातपाय ठीक, गाडी चालवायला हरकत नाही, असं तो लिहून देतो. तुमच्या गाडीवर चढायला हरकत नाही असं कुठे लिहायचं, ते त्या फॉर्ममध्ये नाही.

2025 साली टीव्हीएसनं एनटॉर्क 150 आणली तेव्हा वाटलं, कोणीतरी अर्ज वाचला. फूटबोर्ड सपाट, एबीएस आहे, वजन 115 किलो, सीट 770 मिलिमीटर. माझ्या मागणीच्या सगळ्यात जवळ येणारी गाडी हीच. मग तिचे मोड पाहिले : एक ‘स्ट्रीट’ आणि दुसरा ‘रेस’. मी रेस कोणाशी लावू? बँकेत हयातीचा दाखला द्यायला निघालेल्या माणसानं घाई करून उपयोग नसतो, तो हयात पोचला पाहिजे. गाडी आमच्या सोयीची निघाली तरी जाहिरातीत आम्ही चालत नाही. वार्धक्याला गिऱ्हाईक नाही असं तुमच्या जाहिरात खात्याला वाटतं. फंडाचे पैसे मात्र त्याच वयात मिळतात, हा बारकावा त्यांच्या नजरेस आणून द्यावा.

विदर्भाचा माणूस मागणी करताना अनुशेष काढतोच, तेव्हा तोही काढतो. बजाज घराणं आमच्या वर्ध्याचं, कारखाना मात्र आकुर्डीला. 1972 साली चेतक आली, ती मिळायला वर्षानुवर्षं नंबर लावून बसावं लागे, आणि आमच्या पिढीनं ती तिरकी करून, किका मारमारून चालवली. तुमचा बाजार उभा राहिला तो आमच्या गुडघ्यांवर. ते गुडघे आता झिजले आहेत आणि त्यांच्या मोबदल्यात एक सपाट फूटबोर्ड मागत आहेत.

सबब विनंती अशी की पुढचं मॉडेल पक्कं करण्याआधी पासष्टीचा एक पुरुष आणि साडीतली एक बाई बोलावून दोघांना तिच्यावर बसवून पाहावं. बाराच्या खाली चाक नको, एबीएस असावं, फूटबोर्ड सपाट असावा, सीट 770 च्या वर नको आणि वजन 115 च्या आत. यातलं अशक्य काहीच नाही, कारण प्रत्येक गोष्ट तुमच्यापैकी कोणी ना कोणी करून दाखवली आहे.

हे पत्र खुलं आहे, म्हणून दोन ओळी समवयस्कांसाठी. शोरूममध्ये टेस्ट राईड शेवटी घ्या. आधी गाडी बंद ठेवून बसा आणि दोन्ही तळवे टेकतात का ते पाहा. मग स्वतःच्या हातानं मेन स्टँडवर लावा, काढा आणि चढावर उलटी ओढा. पोरगा मदतीला धावला तर त्याला बाजूला व्हायला सांगा, तो घरी येणार नाही. बायकोला सोबत न्या, तिला मागे बसवा आणि ती नाही म्हणाली तर ती गाडी घेऊ नका.

आपला नम्र,
एक ज्येष्ठ नागरिक,
प्रतापनगर, नागपूर.