पिक्चर ट्यूब जाईल

आमच्या घरी व्हिडिओ गेम आला तो १९९४ च्या मे महिन्यात. आईने त्याचं स्वागत एका वाक्यात केलं, "टीव्हीची पिक्चर ट्यूब जाईल." पिक्चर ट्यूब म्हणजे काय हे तिला ठाऊक नव्हतं, मलाही नव्हतं. पण ती गेली की घरातलं कर्तं माणूस गेल्यासारखं होणार, एवढं तिच्या आवाजावरून कळायचं. म्हणून रोज तासभरच खेळ. त्यातही आई दोनदा येऊन टीव्हीच्या पाठीवर हात ठेवून ताप बघून जायची.

आमचा तो खोका म्हणजे जपानच्या १९८३ सालच्या 'फॅमिली कॉम्प्युटर'ची कुणीतरी केलेली नक्कल, हे मला चाळिशीत कळलं. सोबत दोन रिमोट (त्याला जॉयस्टिक म्हणणारा गल्लीत एकच मुलगा होता, त्याला कुणी खेळायला घेत नसे), एक बंदूक आणि '९९,९९,९९९ गेम्स' असं छापलेली पिवळी कॅसेट. रोज दहा गेम खेळले तरी २७०० वर्षं पुरतील असा हिशेब मी वहीच्या मागच्या पानावर केला होता. पहिल्याच दुपारी मोजदाद झाली, सात निघाले. बाकी सगळे तेच, फक्त कुठे मारिओ पहिल्या स्टेजपासून सुरू व्हायचा, कुठे तिसऱ्या.

कॅसेट चालली नाही की काढून फुंकायची. त्यात धाकटा भाऊ तरबेज. लांबच्या गल्लीतून त्याला बोलावणं यायचं. फुंकरीबरोबर ओल जाऊन आतल्या पट्ट्यांना गंज चढतो, आणि कॅसेट चालते ती काढून पुन्हा नीट बसवल्यामुळे, हे मी खूप नंतर वाचलं. भावाला अजून सांगितलेलं नाही. एकदा नोकरीच्या अर्जात 'विशेष प्रावीण्य'समोर काय लिहू म्हणून त्याने मलाच विचारलं होतं.

माझ्या वयात 'जुने गेम चांगले होते' म्हणायची प्रथा आहे. खरं सांगायचं तर ते दुष्ट होते. १९८५ चा 'सुपर मारिओ ब्रदर्स' अवघा ४० केबीचा. पहाटे गुलाबाच्या फुलासकट येणारा सुविचार त्याहून जड असतो. जागेची इतकी ओढाताण, की आकाशातला ढग आणि जमिनीवरचं झुडूप हे एकच चित्र, फक्त रंग वेगळा. एकूण ३२ स्टेज. येणाऱ्याच्या हातून सगळा खेळ तासाभरात आटपेल. मग गिऱ्हाइकाचे पैसे वसूल कसे व्हायचे? त्याला मारत राहायचं! सुरुवातीला तीनच लाइफ, सेव्ह करायची सोय नाही आणि पडदा मागे सरकत नाही. सुटलेलं नाणं सुटलंच. जिवावर उदार होऊन किल्ला सर करावा, तर आतला माणूस सांगणार की राजकन्या दुसऱ्या किल्ल्यात आहे. असं सात वेळा. पुढे दाखले काढायला कचेऱ्यांतून हिंडताना मी कधी चिडलो नाही, त्याचं श्रेय या शिक्षणाला.

'काँट्रा'त तर गोळी लागली की संपलं. त्यावर तीस लाइफचा मंत्र होता : वर वर, खाली खाली, डावी उजवी, डावी उजवी, बी, ए. पाढ्यांच्या आधी आमचा हाच पाठ झाला. हा मंत्र काझुहिसा हाशिमोतो या गृहस्थांनी १९८६ साली 'ग्रॅडियस'साठी रचला, कारण तपासायला घेतलेला तो गेम त्यांना स्वतःलाच झेपेना. स्वयंपाक करणाऱ्यालाच तिखट सोसेना म्हणून त्याने आपल्यापुरती दह्याची वाटी लपवून ठेवावी, तसं हे. ती पुढे साऱ्या पंगतीत फिरली.

यंदा भाचा सुट्टीला आला, तो लॅपटॉपमध्ये 'रेड डेड रिडेम्प्शन २' घेऊन. २०१८ चा गेम, जागा १५० जीबी. म्हणजे त्यात ३५ लाखांहून जास्त मारिओ मावतील. मी दरोडेखोर झालो. पण त्यात घोड्याला चारा द्यावा लागतो, खरारा करावा लागतो, बंदूक पुसावी लागते, दाढी वाढते, जेवण चुकलं तर अंग वाळतं. दोन तासांत मी एकही दरोडा घातला नाही, घोडा मात्र लखलखीत केला. खाली माझी स्कूटर संक्रांतीपासून पुसलेली नाही.

तरी हा गेम मला आवडला, हे कबूल करतो. राग आहे तो भाच्याच्या मोबाइलमधल्या गेमवर. तो मारतो थोडा, आर्जवं फार करतो. हजेरी लावलीस तर बक्षीस, उद्या आलास तर दुप्पट, आणि आला नाहीस तर रात्री निरोप : तुझी आठवण येते. शेवटची एसटी चुकावी म्हणून पाहुण्याची पिशवी लपवणाऱ्या मावशीचा हा अवतार. आमचा मारिओ मेला की काळा पडदा दाखवून गप्प बसायचा. आम्ही जगलो काय, दहावी नापास झालो काय, त्याला सोयरसुतक नव्हतं.

हे भाच्याला पटवायला मी माळ्यावरून खोका काढला. भावाला फोन करून फुंकर मारायला बोलावलं, तो रजा टाकून आला. नव्या टीव्हीला वायर जोडली, मारिओ लागला. मग बंदूक घेऊन 'डक हंट' लावलं. नेम धरला, चाप ओढला, बदक उडून गेलं. दुसरं गेलं. शेवटी पूर्वीसारखी नळी काचेला टेकवून झाडली, तरी बदक मरेना. गवतातून कुत्रा वर आला आणि तोंडावर पंजा धरून हसला.

भाच्याने मोबाइलवर कारण शोधलं. चाप ओढला की पडदा क्षणभर काळा होतो, बदकाच्या जागी पांढरा चौकोन चमकतो, आणि बंदुकीतला डोळा तो उजेड टिपतो. हे गणित जुन्या टीव्हीच्या काचेवर किरण ज्या चालीने फिरायचा त्याच्याशी जुळवलेलं. चपट्या टीव्हीत तो किरणच नाही.

तेवढ्यात आतून आई आली. टीव्हीच्या पाठीवर हात ठेवायला गेली, पण पाठच सापडेना. तरी म्हणाली, "बंद करा रे आता. पिक्चर ट्यूब जाईल."

"ती केव्हाच गेली, आई," मी म्हणालो. कुत्रा अजून हसत होता.