गावात पायी

"रोज वीस मिनिटं चाला, पण सपाटीवर," डॉक्टर म्हणाले. हे गृहस्थ बहुधा बाहेरगावचे असावेत. जुनं नाशिक नऊ टेकड्यांवर वसलंय, असं पूर्वापार सांगतात. तिथं सपाटी शोधायची तर भांडी बाजारातल्या परातीतच.

योगायोग असा, की घरात परातच हवी होती. "नाहीतरी चालायचंच आहे, तर गावात जा आणि पितळी परात घेऊन या," ही म्हणाली. आम्ही गंगापूर रोडवाले. राहतो शहरातच, पण रविवार कारंजाकडे निघालो की 'गावात जाऊन येतो' म्हणतो. गोदावरीलाही आम्ही गोदावरी म्हणत नाही. ती आमची गंगा.

रविवार कारंजावर चांदीच्या गणपतीला हात जोडले आणि मेन रोडला लागलो. हा रस्ता नावानं मेन, रुंदीनं बोळ. इथं माणूस स्वतः चालत नाही, मागचा त्याला चालवतो. मी उजवीकडे वळायचं ठरवलं होतं. एका साड्यांच्या पिशवीनं मला सरळ नेलं.

मित्रानं फोनवर सांगितलं होतं, "दहीपुलावर थांब, मी आलोच." मी पूल शोधत दोन फेऱ्या मारल्या. शेवटी एका दुकानदाराला विचारलं, "दहीपूल कुठं आला हो?"

"काका, तुम्ही पुलावरच उभे आहात."

"आणि पाणी?"

"पायाखाली. सरस्वती आहे ती."

प्रयागला सरस्वती गुप्त आहे म्हणतात. आमचीही गुप्तच, फक्त ती पावसाळ्यात प्रकट होते आणि थेट सराफ बाजारात शिरते. लक्ष्मी आणि सरस्वती एका जागी नांदत नाहीत, हे मला त्या दिवशी नीट समजलं. मित्र काही आला नाही. तोही बहुधा पूल शोधत असावा.

भांडी बाजारात परात घेतली. दुकानदारानं टिचकी मारून तिचा आवाज ऐकवला. तो पुन्हा, जरा मोठ्यानं, ऐकायचा योग गंगेवर आला. घाटाच्या पायऱ्या उतरताना परात काखेतून निसटली आणि एकेक पायरी वाजवत खाली गेली. समोरच्या तीरावर 1747 सालचं नारोशंकराचं देऊळ आहे आणि तिथली घंटा नाशकात प्रसिद्ध. घाटावरच्या दोन आजीबाईंनी आधी तिकडे पाहून नमस्कार केला, मग माझ्याकडे पाहिलं.

परात उचलली. तिला पोचा आला होता. आता तीही नाशिकसारखी झाली, थोडा चढ, थोडा उतार. दम खात दुतोंड्या मारुतीकडे पाहत बसलो. दोन्ही बाजूंना तोंडं असलेला हा एकटाच मेन रोड सुखरूप ओलांडू शकेल. पूर आला की सारं नाशिक पाणी त्याच्यावरच मोजतं. धरणातून किती क्यूसेक सोडलं हे सरकार सांगतं, पण ते गुडघ्याला लागलं की कमरेला, यावर आमची घाबरायची पातळी ठरते.

वीस मिनिटांचे दोन तास झाले होते. घरी आलो तेव्हा हिनं पोचा पाहिला, मला पाहिलं आणि विचारलं, "चालणं कितपत झालं?"

मी खुर्चीत टेकत म्हटलं, "सराफ बाजारात गुडघ्याला लागलं होतं. आता कमरेच्या वर गेलंय."