पूलपंडित

बेंगळुरूच्या पीण्या औद्योगिक वसाहतीत रस्त्याच्या कडेला चार पत्रे ठोकले, आत जेसीबी घुसला आणि जमिनीतून सळया डोकावू लागल्या, की येणारेजाणारे कपाळाला हात लावतात. आता वर्षभर इथे धूळ, हे त्यांना कळून चुकतं. एकटा पूलपंडित मात्र सायकल थांबवून, एक पाय फुटपाथवर टेकवून, हेल्मेटच्या खालून आत निरखून बघतो. त्याला तिथे सायकलींचा पूल दिसतो. पुढे तिथे गटाराचं झाकण निघतं, ट्रान्सफॉर्मरचा चौथरा निघतो किंवा मेट्रोचा खांब निघतो. पंडिताचा विश्वास ढळत नाही. ‘हा नाही तर पुढचा,’ म्हणतो आणि बुटाखालची क्लीट पेडलात खटकन अडकवून निघतो.

हा प्राणी बहुधा पुण्याचा, कधी नाशिकचा किंवा कोल्हापूरचा. नोकरीच्या पाठीमागे बेंगळुरूला आलेला, जलहळ्ळी किंवा मल्लेश्वरम भागात राहणारा, वयाची चाळिशी ओलांडलेला. गुडघ्याच्या डॉक्टरांनी ‘पळू नका’ म्हटल्यावर त्यानं सायकल घेतली, आणि सायकलीच्या किमतीबद्दल घरी जे सांगितलं ते खऱ्या किमतीच्या निम्म्याच्या आसपास होतं. रविवारी पहाटे गोरगुंटेपाळ्याच्या चौकात असे सात-आठ जण जमतात. तिथून तुमकूर रोडनं नेलमंगल, डाबसपेटे, अंगात दम असेल तर शिवगंगे. क्यातसंद्रची तट्टे इडली खाऊन येण्याचा बेत दर आठवड्याला ठरतो, पण बरेचदा नेलमंगलच्या अलीकडेच एखाद्या दर्शिनीत मसाला दोश्यावर तह होतो. ज्यानं एकदा साडेतेरा तासांत २०० किलोमीटरची ब्रेव्हे नावाची सायकलफेरी पुरी केली आहे, त्याचा शब्द त्या टेबलावर शेवटचा. बाकीच्यांनी फक्त सांबार मागवायचं.

तुमकूर रोडवरचा उड्डाणपूल हा त्याचा जिव्हाळ्याचा विषय. गोरगुंटेपाळ्याकडून नागसंद्राकडे जाणारा हा पूल २०१० साली सुरू झाला. डिसेंबर २०२१ मध्ये १०२ आणि १०३ या खांबांच्या मधल्या गाळ्यात काँक्रीटला ताण देणाऱ्या केबल गंजल्याचं आढळलं आणि पूल बंद करावा लागला. हलक्या गाड्या फेब्रुवारी २०२२ मध्ये सुटल्या. लॉरी-बसवाल्यांना मात्र जुलै २०२४ पर्यंत खालूनच रांगत जावं लागलं. त्या काळात पीण्यातली लॉरी जलहळ्ळी क्रॉसला अडकली म्हणजे माल आज पोचेल की उद्या, हे ड्रायव्हरलाही सांगता येत नसे. सगळी औद्योगिक वसाहत हवालदिल झाली होती. फक्त पूलपंडित सुखात होता. ‘मला नोव्हेंबरातच कळलं होतं,’ तो सांगायचा. ‘हॅन्डलमध्ये एक वेगळीच थरथर यायची.’

‘पण तू तर पुलाच्या खालून जातोस ना?’

‘म्हणून तर! वरच्याला कसं कळणार? खालनं जाणाऱ्यालाच पुलाची नाडी कळते.’

यावर काय बोलणार? त्याच्या सायकलीचा सांगाडा कार्बनचा आहे आणि कार्बनला, त्याच्या म्हणण्यानुसार, सगळं कळतं.

परदेशातले पूल त्याला पाठ असतात. कोपनहेगनचा तो २०१४ सालचा नारिंगी सायकलपूल, चार मीटर रुंद, बंदराच्या पाण्यावरून सापासारखा वळत जाणारा. चीनमध्ये श्यामेनला २०१७ साली नुसत्या सायकलींसाठी उभारलेला साडेसात किलोमीटरचा उन्नत मार्ग. आणि सगळ्यांवर कडी म्हणजे हॉलंडमधलं आइंडहोवनचं ते अधांतरी वर्तुळ: ७२ मीटर व्यासाचा सायकलींचा चौक, एकाच खांबाला केबलनं टांगलेला, खालून मोटारी जातात. ते वर्तुळ तो हातातल्या काट्यानं दोश्यावर काढून दाखवतो. त्या वर्तुळाच्या केबलही वाऱ्यानं नको तितक्या थरथरायला लागल्या होत्या, उघडल्यावर लगेच ते बंद करून दुरुस्त करावं लागलं आणि २०१२ च्या मध्यावर पुन्हा खुलं झालं, हा भाग तो गाळतो. केबलचं दुखणं फक्त पीण्यालाच होतं अशी त्याची समजूत आहे आणि ती मोडण्यात मला रस नाही.

देशातले दाखले मात्र तो आवाज खाली आणून देतो. वांद्रे-कुर्ला संकुलात सायकलमार्ग झाला होता, त्याचं पुढे काय झालं ते मुंबईचा मेव्हणा त्याला सांगतो. पवई तलावाच्या काठचा सायकलमार्ग उच्च न्यायालयानं मे २०२२ मध्ये बेकायदा ठरवून काढून टाकायला सांगितला, तेव्हा पंडित दोन दिवस जेवला नाही असं त्याची बायको म्हणते. (बायको हेही म्हणते की ते दोन दिवस चतुर्थी आणि अपचन असे होते.) बेंगळुरूत २०२० साली बाहेरच्या रिंग रोडवर खांब रोवून सायकलींची वेगळी मार्गिका आखली होती. मग मेट्रोचं काम आलं. पुढचं सांगायला तो थांबत नाही, बिल मागवतो.

इतकं सोसूनही त्याला पीण्यात पूल हवा आहे. एरवी त्याला दोष देणारा मी इथे मात्र त्याच्या बाजूचा आहे. १९७० च्या दशकापासून वाढत गेलेल्या या वसाहतीत सकाळी सायकलीनं कामावर येणारी माणसं आजही दिसतात. लग्गेरे, हेग्गनहळ्ळी, राजगोपालनगर या बाजूंनी ती येतात. काळ्या दांडीच्या सायकली, हॅन्डलला डबा, कॅरिअरला गुंडाळलेला रेनकोट. ही माणसं रविवारी सायकल चालवत नाहीत. रविवारी ती झोपतात. तुमकूर रोड ओलांडायचा तर सायकल खांद्यावर घेऊन पादचारी पुलाच्या पायऱ्या चढा, नाही तर लॉरीच्या दोन चाकांमधून नशीब अजमावा.

तर एकदा दर्शिनीत पंडितानं टिश्यू पेपर पुढे ओढला. रस्त्यावर साडेपाच मीटर मोकळी उंची सोडायची, वर मीटरभराची पुलाची जाडी. म्हणजे सायकलवाल्याला साडेसहा मीटर चढायचं. चढ किती? एकास दहा ठेवला तर पासष्ट मीटरांत काम भागतं, पण डबेवाला माणूस मध्येच उतरून ढकलायला लागेल. ‘एकास तीस!’ पंडितानं निकाल दिला. साडेसहा गुणिले तीस म्हणजे एकशे पंच्याण्णव मीटर. एका बाजूला. दुसऱ्या बाजूला तेवढाच उतार. टिश्यू संपला, दुसरा जोडला. उताराची रेघ ओढत ओढत जिथे पोचली तिथे एक प्लेटिंगचा कारखाना होता.

‘वळव,’ कोणी तरी म्हणालं.

वळवली तर पावडर कोटिंग. परत वळवली तर हीट ट्रीटमेंटची भट्टी. एकदा तर उतार थेट एका सीएनसी शॉपच्या ऑफिसात, मालकाच्या खुर्चीच्या पाठीमागे संपला. पीण्यात दोनशे मीटरची सरळ मोकळी जागा मिळणं म्हणजे काय, हे तिथे भाड्याचा शेड शोधलेल्या माणसालाच विचारावं.

शेजारच्या उभ्या टेबलावर बाय-टू कॉफी घेणारे एक गृहस्थ हे सगळं बघत होते. खानापूरकडचे, टर्नर, रात्रपाळी संपवून निघालेले. भिंतीला टेकलेली त्यांची सायकल पंडिताच्या सायकलीच्या तिप्पट वजनाची आणि तिप्पट वयाची असावी. मराठी कानावर पडलं म्हणून ते सरकले.

‘सायब, पूल तेवढा लांब करू नका की. उतरेपर्यंत शिफ्टचा भोंगा व्हतोय.’

‘पण काका, चढ कमी हवा ना?’

‘चढ असू दे की. चढ काय, उतरून ढकलतोय आम्ही. त्याच्यावर स्कुटरवाले चढणार न्हाईत, ते बघा आधी.’

टेबलावर शांतता पसरली. कोपनहेगन, श्यामेन आणि आइंडहोवन यांपैकी एकाही ठिकाणी या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. जिथे एक मीटर मोकळी फट दिसेल तिथे बेंगळुरूचा स्कुटरवाला पुढचं चाक घालतो, त्यात डिलिव्हरीची पेटी लावलेला असेल तर फट दिसण्याचीही वाट बघत नाही. पंडितानं तिसरा टिश्यू घेतला आणि पुलाच्या तोंडाशी तीन टिंबं काढली. बोलार्ड. मधलं अंतर किती? स्कुटर अडली पाहिजे, सायकल गेली पाहिजे. त्यानं आपल्या सायकलीचं हॅन्डल वितीनं मोजलं आणि त्यावर चार बोटं सोडून आकडा लिहिला. टर्नरकाकांनी तो आकडा वाचला, स्वतःच्या हॅन्डलकडे बघितलं. त्यांच्या हॅन्डलला एका बाजूला डबा होता आणि दुसऱ्या बाजूला पिशवी.

‘मी अडकतोय की ह्याच्यात.’

‘डबा मागे लावा.’

‘मागं रेनकोट.’

अंतर वाढवलं. आता काका गेले, पण स्कुटरही गेली. वर त्यांच्या मागून एक मालवाहू रिक्षा पण तिरकी होऊन जाईल असं ग्रुपमधल्या एकाचं मत पडलं. कमी केलं तर पंडिताची नवी, बाहेर फाकलेल्या हॅन्डलची सायकल अडकली, जी त्यानं घरी अजून दाखवलेली नव्हती. मग बोलार्ड वाकडे बसवायचे, मग फिरते, मग माणूस ठेवायचा. माणसाला शिट्टी द्यायची की काठी, यावर दोन गट पडले. दोसे गार झाले.

काका मात्र टिश्यू डोळ्यांजवळ धरून कारागिराच्या नजरेनं त्या तीन टिंबांकडे बघत होते.

‘सायब, हे तुमचे खांब,’ ते म्हणाले, ‘एमएसमध्ये पायजेत का एसएसमध्ये?’

‘एसएस,’ पंडित तत्परतेनं म्हणाला. ‘गंजायला नको.’

‘मग ३०४ घ्या. २०२ घालाल तर दोन पावसात डाग पडत्यात. आमचे मालक करून देतील, पण शंभर नगांच्या खाली ऑर्डर घेत न्हाईत.’

पंडितानं टिश्यूवरच्या तीन टिंबांकडे बघितलं, मग ग्रुपकडे बघितलं, आणि विचारलं, ‘जीएसटी धरून?’