एकोणचाळीस मिनिटांचा बाणा

1 जानेवारी 1906 रोजी सरकारने सगळ्या हिंदुस्थानाला एकच वेळ बहाल केली: साडेब्याऐंशी रेखांशावरची, ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढची. ती मुंबईच्या स्वतःच्या वेळेपेक्षा एकोणचाळीस मिनिटे पुढे होती. मुंबईने ती परत केली. बंगालची फाळणी नुकतीच झाली होती, डोकी तापलेली होती. इंग्रजाचा कर भरू, त्याच्या तुरुंगात जाऊ, पण दुपारचे बारा कधी वाजले हे त्याने सांगायचे नाही! गिरणी कामगारांनीही विरोध केला. त्यांना भोंगा एकोणचाळीस मिनिटे आधी ऐकायचा नव्हता. (हे कारण मला राष्ट्रीय कारणापेक्षा जास्त पटते.)

मग एकाच शहरात दोन वेळा नांदू लागल्या. रेल्वे सरकारी वेळेने धावे, महापालिका ‘मुंबई टाइम’ पाळी. गाडी चुकली तर मुंबई टाइम दाखवावा, कचेरीत लवकर सुटायचे असेल तर सरकारी. उशिरा येणाऱ्याला इतकी अधिकृत सोय पुढे कुठल्याही राजवटीने दिली नाही.

1947 मध्ये इंग्रज गेला. विरोध करायला कोणी उरले नाही, तरी महापालिका आणखी काही वर्षे अडून राहिली. सरकार बदलल्याची खबर तिच्या घड्याळापर्यंत पोचायला तेवढा वेळ लागला. तिथला कारभार पाहता हे तातडीनेच झाले म्हणायचे.

सूर्याला मात्र ठरावाची प्रत कोणी पाठवली नाही. मुंबईत तो आजही सरासरी बारा वाजून एकोणचाळीस मिनिटांनीच माथ्यावर येतो.