नोटीस पावली

आदरणीय माजी साहेब,

सा. न. वि. वि.

आपली नोटीस पावली. देव पावतो तशी नव्हे, स्पीड पोस्टाने. बायको नेमकी माहेरी गेलेली. लिफाफ्यावर ‘ॲडव्होकेट’ वाचून शेजारच्या काकूंनी आईला हळूच विचारलं, “सुनेकडून आली का हो?” आई म्हणाली, “नाही, साहेबांकडून.” काकूंना हायसं वाटलं. मला मात्र त्यांचा अंदाज फारसा चुकलाय असं वाटेना. संसार सहा वर्षांचा, सोडून गेलो मी आणि पोटगी मागताय तुम्ही.

सहा वर्षांत आपण मला एक ओळ लिहिली नाहीत. पगारवाढीचं पत्र तीनदा मागितलं, तिन्ही वेळा ‘बघू’ मिळालं. गेल्यावर मात्र चार पानी मजकूर! ‘माझे अशील हे नामांकित व सचोटीचे उद्योजक असून’ ही सुरुवात वाचून मी लिफाफा पुन्हा उलटून पाहिला, दुसऱ्याच कुणाची नोटीस तर आली नाही ना म्हणून. पुढे ‘माझ्या अशिलांनी आपणांस शून्यातून घडविले’ हे वाक्य आलं आणि आवाज ओळखीचा वाटला.

तीन वर्षं भारतभर कुठेही याच क्षेत्रात नोकरी करायची नाही, ही आपली पहिली मागणी. भारतभर! साहेब, बिलिंग सॉफ्टवेअर विकणारी आपली चौदा जणांची कंपनी. साताऱ्याचं एक गिऱ्हाईक मिळालं तेव्हा आपण पेढे वाटले होते. आता काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत माझी धास्ती वाटावी, हा मी माझ्या कामाचा पहिला लेखी गौरव समजतो.

अडचण एवढीच की १८७२ सालापासून या देशात करार कायद्याचं कलम २७ आहे. कुणाला त्याचा व्यवसाय, धंदा, पेशा करण्यापासून रोखणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल, असं ते सांगतं. अपवाद आहे तो धंद्याचं गुडविल विकणाऱ्याचा. मी काही आपलं गुडविल विकलं नाही. उलट सहा वर्षं फोनवर ग्राहकांच्या शिव्या खाऊन ते सांभाळलं.

आपल्या श्रीरामपूरच्या झहीर खानचंच बघा. मुदत संपल्यावरही त्याने दुसरीकडे जायच्या आधी जुन्या एजन्सीलाच विचारावं, असं कलम तिच्याशी झालेल्या करारात होतं. एजन्सी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. २००६ साली न्यायालयाने सांगितलं की करार संपल्यानंतर असं बंधन चालत नाही. त्याच्यासारखा यॉर्कर मला टाकता येत नाही, पण कलम २७ दोघांनाही सारखंच लागू आहे.

आपल्या वकीलसाहेबांवर अन्याय नको, म्हणून त्यांच्या बाजूचंही सांगतो. कल्याणच्या एका कारखान्यातले गोलिकरी पाच वर्षांचा करार अर्धवट टाकून दुसऱ्या कारखान्यात गेले. १९६७ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांना उरलेल्या मुदतीपुरतं रोखलं. २०२५च्या मे महिन्यात विजया बँकेच्या एका अधिकाऱ्याचा तीन वर्षांचा, दोन लाखांचा बाँडही न्यायालयाने वैध ठरवला. धंद्याची गुपितं चोरून नेणाऱ्याला कुणी आरती ओवाळत नाही, हेही मान्य. पण माझ्या करारात ठराविक मुदत नव्हती. साठ दिवसांचा नोटीस पीरियड होता, तो मी शेवटच्या दिवसापर्यंत भरला. आणि कंपनीचं सर्वांत मोठं गुपित, म्हणजे पगार दर महिन्याला कितव्या तारखेला होणार, ते मला आजही ठाऊक नाही.

दुसरी मागणी पाच लाखांची. करारात आकडा छापला म्हणजे तो खिशात पडला, असं होत नाही. करार कायद्याच्याच कलम ७४प्रमाणे तो आकडा म्हणजे कमाल मर्यादा. तिच्या आत वाजवी भरपाई किती, ते कोर्ट ठरवतं. तेव्हा हिशेब मांडूया. माझ्या प्रशिक्षणावर काय खर्च झाला? पहिल्या दिवशी पासवर्ड लिहिलेली एक चिठ्ठी दिलीत आणि म्हणालात, “गुगल आहे ना!” चिठ्ठीचा कागद पाठकोरा होता.

आता माझा हिशेब. २१ नोव्हेंबर २०२५पासून वेतन संहिता लागू आहे. राजीनामा देणाऱ्याचंही देणं असलेलं वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत चुकतं करा, असं ती सांगते. मी जानेवारीत गेलो. आपलं फुल अँड फायनल अजून ‘प्रोसेस’मध्ये आहे. ग्रॅच्युइटीचा १९७२चा कायदा आता सामाजिक सुरक्षा संहितेत विरघळला, पण गणित तेच राहिलं: मूळ पगार २६,००० रुपये, भागिले २६, गुणिले १५, गुणिले सहा वर्षं. नव्वद हजार. मुदत तीस दिवसांची, त्यानंतर व्याज. पीएफच्या खात्यावर नोकरी सोडल्याची तारीख टाकायलाही आपल्याला सवड झाली नाही. दोन महिने थांबून ती मीच टाकली.

इतकं सगळं आपल्या वकिलांना ठाऊक नसेल, असं मी म्हणणार नाही. म्हणूनच बरेच दिवस कोडं पडलं होतं की न टिकणारी नोटीस पैसे मोजून पाठवायची कशाला? परवा कळलं, की तिची एक प्रत आपण ऑफिसात चहाच्या मशीनशेजारी लावली आहे. तेव्हा उलगडा झाला. पत्ता माझा होता, पण नोटीस मागे उरलेल्या तेरा जणांना होती. मला कोर्टात खेचायचं नव्हतंच. त्यांना खुर्चीत बसवून ठेवायचं होतं.

नोटीस चारचौघांत लागली, म्हणून उत्तरही चारचौघांत देतो आहे. हीही प्रत मशीनशेजारी लावावी.

पत्राच्या शेवटी ‘लोभ असावा’ लिहायची आपली रीत आहे. आपल्याकडे तो मुळातच भरपूर असल्याने वेगळी विनंती करत नाही.

कळावे,

आपला,
शून्यातून घडलेला

ता. क. (फक्त त्या तेरा जणांसाठी): राजीनामा ईमेलने द्या आणि त्याची प्रत स्वतःच्या पत्त्यावर ठेवा. लॅपटॉप परत केल्याची सही घ्या. ग्राहकांच्या याद्या पेन ड्राइव्हवर घेऊन जाऊ नका, तिथे साहेबांचं खरं ठरेल. ग्रॅच्युइटी अडली तर कामगार खात्याकडे अर्ज करता येतो. आणि नोटीस आलीच, तर घाबरून सही करण्याआधी ती एखाद्या वकिलाला दाखवा. मी दाखवली. वाचून तो हसला आणि त्याने फी घेतली नाही.