कन्येने रडणे बंद केल्याबाबत तक्रार अर्ज

प्रति,
मा. मुख्य मॅम,
(दोन इंग्रजी शब्द आणि एक ससा असे नाव असलेली शाळा), सातारा.

विषय : आमच्या कन्येने अकराव्या दिवशी रडणे कोणतीही पूर्वसूचना न देता बंद केल्याबाबत.

संदर्भ : १) आपला व्हॉट्सॲप संदेश, 'डोन्ट वरी, शी विल सेटल.'
२) सांगलीहून आबांचे दररोजचे फोन.
३) अर्जदाराची ओढणी (सोबत जोडलेली नाही, वाळत घातली आहे).

महोदया,

वरील विषयास अनुसरून तक्रार करण्यात येते की, गेल्या मंगळवारी सकाळी साडेआठ वाजता आमची तीन वर्षं दोन महिन्यांची कन्या आपल्या फाटकातून आत गेली. रडली नाही. वळली नाही. 'टाटा' नाही की काही नाही. रेनकोटची टोपी डोक्यावर, बाटली गळ्यात, आणि चालण्यात असा रुबाब, की जणू शाळेची तपासणी करायलाच निघाली आहे. मी फाटकाची सळई धरून उभी. पाच मिनिटांनी वॉचमनकाकांनी विचारलं, "ताई, काय राहिलंय का?"

काय राहिलंय ते त्यांना कुठून सांगू?

या प्रकाराने अर्जदारास जो मनस्ताप झाला, त्याची पार्श्वभूमी अशी. डिसेंबरातच आपण आमची मुलाखत घेतली. आमची म्हणजे तिघांची. तिच्या बाबांनी लग्नाच्या बोलणीलाही घातला नव्हता तो कोट घातला. आपण लाल सफरचंद पुढे धरून विचारलंत, "व्हॉट इज धिस?" कन्येने ते हातात घेतलं, नखाने खरवडलं आणि सांगितलं, "हे खोटं आहे." महिनाभर 'ए फॉर ॲपल' घोकून घेणाऱ्या आम्हा दोघांच्या तोंडचं पाणी पळालं. तरी प्रवेश मिळाला. फी भरल्याबरोबर मिळाला, एवढंच इथे नमूद करते. पावतीचा आकडा सांगलीला कळवला तेव्हा आबा म्हणाले, "एवढ्यात एक दुभती म्हैस आली असती. आणि ती संध्याकाळी आपल्या पायांनी घरी येते."

आबा म्हणजे माझे वडील. मुक्काम सांगली, आणि हाडाचे सांगलीकर. पावसाळ्यात सांगलीत नमस्काराऐवजी "आज किती फूट?" असं विचारतात. आयर्विन पुलापाशी कृष्णा ४० फुटांवर गेली की इशारा, ४५ फुटांवर धोका. २०१९च्या ऑगस्टात तिने ५७ फूट ओलांडले, तेव्हापासून आबांना जगातलं कुठलंच संकट फुटांशिवाय कळत नाही. नातीची शाळा सुरू झाल्यापासून रोज सकाळी पावणेनऊला फोन यायचा, "आज किती फूट?" मीही मोजमाप बसवून टाकलं. नुसता ओठ काढला तर वीस फूट. मुसमुसणं तीस. गळा काढला की चाळीस, इशारा. फाटकाला पाय लावून भोकाड पसरलं की पंचेचाळीसच्या वर, काठच्या लोकांनी सामान हलवावं. पहिल्या दिवशी पोवई नाक्याच्या भुयारी मार्गातून स्कूटर नेली, तेव्हा तिचा टाहो असा घुमला की पुढचा टेम्पो बाजूला झाला. रुग्णवाहिका समजला असावा बिचारा.

माझा भाऊ याला 'कोयनेचा विसर्ग' म्हणतो. "तुम्ही वर साताऱ्यात दरवाजे उघडता आणि खाली बुडतो आम्ही." खोटं नाही त्याचं. कोयना धरणाचे सहा दरवाजे उचलले की ते पाणी कऱ्हाडात कृष्णेला मिळतं आणि सांगलीच्या काळजीत भर घालतं. आमच्या घरचं पाणी मात्र कऱ्हाडात थांबत नसे. साडेआठला साताऱ्यात सुटलं की पावणेनऊला सांगलीत आईच्या डोळ्यांत.

याच भावाचा मुलगा, माझा भाचा, कन्येपेक्षा थोडा लहान. तोही याच जूनमध्ये शाळेत जाऊ लागला. शाळा म्हणजे त्यांच्या बोळाच्या टोकाची अंगणवाडी. तिथे मुलाखत झाली नाही. ताईंनी त्याला काट्यावर उभा केला, वजन लिहिलं, उंची लिहिली आणि खिचडी वाढली. तो रडला, पण घरी चल म्हटल्यावर. घरातून त्याला शाळेचं दार दिसतं, आणि शाळेतून आजीची वाळत घातलेली नऊवारी. निरोप घ्यायला तिथे जागाच नाही.

मॅम, हे काही आपोआप झालेलं नाही. ताराबाई मोडक भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर बालशिक्षणाचं काम करून आल्या, १९४५ साली बोर्डीला गेल्या, आणि अनुताई वाघ त्यांना तिथे येऊन मिळाल्या. पुढे १९५७ पासून कोसबाडची टेकडी. आदिवासी पाड्यांवरची मुलं शाळेत येत नाहीत असं दिसल्यावर या बायांनी मुलांना किंवा आईबापांना बोल लावला नाही. शाळाच उचलून त्यांच्या अंगणात नेली. ती अंगणवाडी. गुरांमागे हिंडणाऱ्या पोरांसाठी ती कुरणात नेली. ती कुरणशाळा. १९७५ सालच्या २ ऑक्टोबरला एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी देशभर पोचली. म्हणजे तीन वर्षांच्या मुलाला आईपासून फार लांब न्यायचं नसतं, ही गोष्ट आपल्याकडे कोणी तरी फार पूर्वी पायपीट करून शोधून ठेवली होती. आम्ही शहाण्यांनी म्हशीइतके पैसे मोजून शाळा पुन्हा अंगणातून उचलली आणि पोवई नाक्यापलीकडे नेऊन ठेवली.

आणि नेऊन काय, तर रेघा. २०२०चं शैक्षणिक धोरण तीन ते आठ वर्षं हा पायाभूत टप्पा मानतं. त्याचा २०२२चा आराखडा पानोपानी सांगतो की या वयात शिकायचं ते खेळातून. आपल्या माहितीपत्रकातही 'प्ले वे' हे शब्द सशाच्या पोटावर छापलेले आहेत. दुसऱ्या आठवड्यात मात्र चाररेघी वही आली. उभ्या रेघा एक पान, आडव्या रेघा एक पान. जिला स्वतःच्या फ्रॉकचं बटण लागत नाही, ती ओळीत रेघा मारते आहे. आबांना फोटो पाठवला. ते म्हणाले, "रेघा मारायला एवढी फी? आमचा मोजणीवाला कमी घेतो."

ओघात आणखी एक गाऱ्हाणं. रात्री दहा वाजता संदेश आला की उद्या 'यलो डे'. पिवळे कपडे, पिवळा डबा, एक पिवळी वस्तू. मी माहेरची सांगलीची. जिथल्या हळदीला भौगोलिक मानांकन आहे, जिथे हरिपूरला जमिनीखालच्या पेवांमध्ये हळद साठवायची रीत होती, त्या गावच्या लेकीला पिवळी वस्तू शोधावी लागते होय? कन्येच्या मुठीत झकास हळकुंड दिलं. ते परत आलं, शेरा होता 'ब्रिंग कलरफुल ऑब्जेक्ट, नॉट जिंजर'. हळकुंड आम्ही देवापुढे ठेवलं आहे. शेराही जपून ठेवला आहे.

आता मुख्य मुद्दा.

पहिल्या दिवशीच आपण सूचना दिलीत की पालकांनी रेंगाळू नये, मुलाचं लक्ष खेळण्याकडे गेलं की हळूच निघून जावं. मी आज्ञाधारक. दुसऱ्या दिवशी तिला म्हटलं, "तू खेळ हं, आई गाडी लावून येते." आणि सटकले. त्या दिवशी पाणी किती फुटांवर गेलं ते आपल्याकडे नोंद असेलच. साडेअकराला घ्यायला गेले तेव्हा ती काही बोलली नाही. दुपारी नाही, संध्याकाळी नाही. रात्री झोपताना, डोळे मिटल्यावर, एवढंच विचारलं, "आई, लागली का गं गाडी?"

हे मी सांगलीला सांगितलं. नेहमी फूट विचारणारे आबा गप्प. मग म्हणाले, "माझा बाप शेंगदाणे आणायला गेला होता."

ही गोष्ट घरात कोणालाच ठाऊक नव्हती. १९६७ साल. आबा दहा वर्षांचे, गाव जत तालुक्यातलं. पाऊस नाही, पाचवीची सोय नाही. आजोबांनी एसटीने साताऱ्याला आणलं, रयतच्या वसतिगृहात घालायला. एक पत्र्याची ट्रंक आणि एक वळकटी. कर्मवीर अण्णांनी १९१९ साली काल्याला रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ साली ती साताऱ्यात आणली, त्यामुळे आबांसारख्या किती जणांच्या हाती पाटी आली याची गणती नाही. आबाही ते ऋण मानतात, अण्णांच्या तसबिरीला हार घालतात. पण त्या दिवशी ट्रंक ठेवून झाल्यावर आजोबा म्हणाले, "बस इथं. शेंगदाणे घेऊन आलोच." पोरगं पायरीवर बसून राहिलं.

"मग?" मी विचारलं.

"मग काय. दिवाळीला आले."

अठ्ठावन्न वर्षांत आबांनी बापाबद्दल एक वाईट शब्द काढला नव्हता, तेव्हाही काढला नाही. "त्याला तोंड दाखवून जाता आलं नसतं," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी आपल्याकडच्या मावशींना गाठलं. मुलांना कडेवर घेणाऱ्या, नाक पुसणाऱ्या, शू-शी करवणाऱ्या मावशी. आपल्या माहितीपत्रकात संचालक मंडळाचे फोटो आहेत, मावशींचा नाही. हेही तक्रारीत धरावे. त्या म्हणाल्या, "ताई, गाडी लावून येते असलं काय सांगू नगा. गाडी लावायला तीन तास लागत न्हाईत, येवढं पोरांनाबी कळतंय. डबा खाल्लास, गाणं म्हटलंस, की आई फाटकात उभी, असं सांगा. आन् उभं ऱ्हावा म्हंजे झालं."

मी तसं सांगितलं आणि उभी राहिले. डबा, गाणं, फाटक. तिसऱ्या दिवशी चाळीस फूट होते, पाचव्या दिवशी तीस, आठव्या दिवशी नुसता ओठ. आणि अकराव्या दिवशी वर वर्णिलेला प्रकार. म्हणजे दोष मावशींचा की माझा, हे ठरवून मिळावं.

सबब, अर्जदाराच्या मागण्या पुढीलप्रमाणे :

१) कन्येने रोज निदान दोन मिनिटं रडावं, तेही जमत नसेल तर फाटकातून आत जाताना एकदा तरी मागे वळून पाहावं, अशी सक्त ताकीद तिला देण्यात यावी.

२) घरात प्रत्येक वाक्यापुढे 'मॅम म्हणाल्या' लावलं जात आहे. हात कसे धुवावे, पोळी कशी खावी, चंद्र कुठे राहतो, या सर्व बाबतींत अर्जदाराचे तीन वर्षांचे अधिकार आपल्याकडे वर्ग झाले आहेत. त्यांपैकी निदान चंद्र परत मिळावा.

३) फाटकासमोर पालकांसाठी एक बाकडं टाकावं. तिथे रोज साडेआठ ते नऊ निष्कारण उभे राहणारे आम्ही सातजण आहोत. आमचं अजून सेटल झालेलं नाही. आमचाही एक प्ले ग्रुप काढता येईल. फीबाबत बोलू.

४) 'हळूच निघून जावं' ही सूचना फलकावरून पुसून टाकावी. त्या जागी काय लिहायचं ते मावशींना विचारावं.

कळावे, लोभ आहेच.

आपली नम्र,
एक पालक

प्रत माहितीसाठी सविनय सादर :
१) मावशी (तोंडी कळवले आहे).
२) भाऊ, सांगली. विसर्ग पूर्णपणे बंद केला आहे, काळजी नसावी.

ता. क. : येत्या शनिवारी कन्येला न्यायला मी येणार नाही, आबा येणार आहेत. पहाटेच्या एसटीने सांगलीहून निघून, वेळेच्या तासभर आधीच ते आपल्या फाटकात उभे दिसतील. धोतर-टोपी, हातात कागदाची पुडी. पुडीत भाजलेले शेंगदाणे असतील. शाळेच्या आवारात बाहेरचा खाऊ आणू नये हा नियम अर्जदारास माहीत आहे आणि जो काही दंड असेल तो अर्जदार भरेल. कन्येला ते नीट कुटूनच देऊ. पण पुडी फाटकातच तिच्या हातात पडावी, एवढी परवानगी असावी. ते १९६७ सालापासून येणे बाकी आहे.